आमेन होईपर्यंत झाकण उघडायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. नाव बर्फाचं, पण बर्फाशी माझा संबंध सुटून कितीतरी वर्षं झाली. मला घडवलं गारवा सांभाळायला, आणि माझ्या हातून आयुष्यभर घडली ती ऊब सांभाळायची चाकरी. देवाघरी कुणाच्या नावावर कोणतं काम लिहिलेलं असतं, हे घडवणाऱ्यालासुद्धा ठाऊक नसतं. मी स्वतःवरून सांगते.

माझं अंग निळ्या पत्र्याचं आणि आतली पोकळी पांढरी, गुळगुळीत. कारखान्यात या दोन भिंतींच्या मध्ये पातळ फेस ओतला गेला. तो फुगला, घट्ट झाला आणि तिथेच कायमचा राहिला. बाहेरून दिसत नाही, पण माझी सगळी पुण्याई त्या फेसात आहे. बाहेरचं बाहेर आणि आतलं आत, एवढंच त्याला कळतं. आत गार आहे की गरम, हे तो विचारत नाही.

टेक्सासच्या पूर्वेला, पाइनच्या रानात गम क्रीक नावाचं आमचं गाव आहे. तिथल्या रोस्को पिकन्सने मला मासेमारीसाठी विकत घेतलं. शनिवारी तळ्यावर जायचं आणि येताना बर्फात मासे घेऊन यायचं, हे माझं पहिलं काम. अंगाला माशांचा वास इतका मुरला की रोस्कोची बायको व्हर्नेल मला घरात येऊ देत नसे. "ती तुझी लाडकी मागच्या ओट्यावरच राहू दे," असं ती त्याला म्हणायची. पुढे माझं सगळं आयुष्य याच बाईच्या हाताखाली गेलं.

व्हर्नेलचा मान गावात मोठा होता, कारण चर्चच्या मागची भट्टी तिच्याकडे होती. तिच्या वडिलांनी तेलाची जुनी टाकी आडवी कापून ती बनवली होती. ऑगस्टात होमकमिंगचा रविवार येतो. गाव सोडून गेलेली लेकरं त्या दिवशी मुलाबाळांसह माघारी येतात, चर्चच्या बाकांवर बसतात आणि मग सगळे एकत्र जेवतात. त्या जेवणासाठी व्हर्नेल शनिवारपासून ओकची लाकडं लावून बसायची. गुराच्या छातीचे मोठे तुकडे, ब्रिस्केट म्हणतात ते, मंद धुरात शिजवायचे. हे मांस मुळात कडक आणि हट्टी असतं. आचेशी सावकाश गोडीत घेतलं तरच ते नमतं. रविवारी सकाळी ते तयार व्हायचं, बाहेरून काळं आणि आतून लोण्यासारखं.

आणि इथेच दरवर्षी घोडं अडायचं.

आमच्याकडे प्रवचन संपल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. आणि प्रवचन कधी संपेल, हे पास्टरच्या हातात नसतं. पास्टर टॉलिव्हर यांच्या तर नसायचंच. सुरुवातीला ते नुसते बोलायचे, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसे. मग एखादा शब्द लांबायचा. त्या लांबलेल्या शब्दाखाली ऑर्गन हळूच येऊन उभा राहायचा. मग वाक्याच्या शेवटाला सूर लागायचा, आणि बघता बघता सगळं वाक्यच सूर होऊन जायचं. लोक बाकांवरून साद द्यायचे, "सावकाश, पास्टर, सावकाश होऊ द्या." ते गात सांगायचे, लोक गात ऐकायचे. कुणी रडायचं, कुणी उभं राहून टाळ्या वाजवायचं. अशा वेळी घड्याळाकडे बघणाऱ्याला पाप लागतं, असं मला अजून वाटतं.

पण तिकडे स्वयंपाकघरात मांस निवत असायचं. वरची चरबी पांढरी पडायची, कडा सुकायच्या. मागच्या बाकावरचे लोक खोकायला लागायचे. एका वर्षी तर पास्टरचा सूर नुकता वर चढत होता, तेवढ्यात त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली आणि त्यांनी प्रवचन आवरतं घेतलं. चढलेला सूर मध्येच खाली ठेवला. लोक जेवायला उठले. व्हर्नेल मात्र भट्टीमागे जाऊन डोळे पुसत बसली.

"काय झालं?" रोस्कोने विचारलं.

"माझ्या मांसापायी देवाचा शब्द तोडला त्यांनी. यापेक्षा मी काही शिजवलंच नसतं तर बरं."

पुढच्या होमकमिंगला रोस्को मला सोड्याच्या बाटल्यांनी भरून चर्चमध्ये घेऊन आला. व्हर्नेलने माझ्याकडे एकदा पाहिलं, हात कमरेवर ठेवून परत पाहिलं, आणि सगळ्या बाटल्या बर्फासकट कपडे धुण्याच्या टबात ओतल्या.

"अगं, अगं, ती बर्फाची पेटी आहे," रोस्को म्हणाला.

"मग? तिला कोण सांगणार आहे?"

तिने मला साबणाने घासलं, किटलीभर उकळतं पाणी माझ्यात ओतलं आणि झाकण लावलं. मित्रांनो, जन्मभर बर्फ पोटात घेतलेल्या मला तो पहिला चटका कसा वाटला असेल, याची कल्पना करा. माझ्या भिंती आतून तापल्या. मग तिने पाणी फेकलं आणि मला कोरडं पुसून तळाला जुने टॉवेल घातले. मांस तिने लगेच आत ठेवलं नाही. आधी थोडा वेळ कापायच्या पाटावर उघडं ठेवलं आणि त्याची पहिली कडक वाफ जाऊ दिली, नाहीतर ते आतल्या आत शिजत राहून भुगा होतं. मग जाड तपकिरी कागदाला वितळलेली चरबी चोळून एकेक तुकडा त्यात घट्ट गुंडाळला, तान्ह्या मुलाला गुंडाळतात तसा. रिकाम्या जागेत आणखी टॉवेल कोंबले, झाकण लावलं आणि सगळ्या बायकांना बजावलं, "आमेन होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. वास घ्यायला नाही, बघायला नाही, कशालाच नाही."

त्या दिवशी पास्टर टॉलिव्हर मनसोक्त गायले. स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्यामध्ये एकच फळ्यांची भिंत आहे. मी ते सगळं ऐकत होते आणि पोटात ऊब धरून बसले होते. शेवटचं आमेन झालं, झाकण उघडलं, आणि वाफेने व्हर्नेलचा चष्मा पांढरा झाला. सुरी लावताच मांसातून रस वाहिला. कागदात साठलेला रससुद्धा तिने कापांवर परत ओतला. हो, आणि कापायचं ते वाढतानाच, हा तिचा दुसरा नियम.

तेव्हापासून माझे दिवस पालटले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सगळ्यात आधी माझी जागा, मग बाकीच्या भांड्यांची. म्हाताऱ्या बायका जाता-येता माझ्या झाकणावर थाप मारायच्या. एकदा माझी बिजागरी तुटली, तेव्हा रोस्कोने स्वतःच्या कमरेचा चामडी पट्टा काढून झाकणाला लावला आणि स्वतः दिवसभर पँट हाताने धरून हिंडला. पट्ट्याची बक्कल अजून माझ्या पुढ्यात आहे. रोस्को मात्र आता चर्चमागच्या दफनभूमीत, ओकच्या झाडाखाली आहे.

कौतुकाचे दिवस कुणाचेच कायम नसतात, मित्रांनो.

हॉलिस ग्रेडी आमच्या चर्चचा डीकन. चर्चच्या व्यवस्थेची सगळी जबाबदारी त्याच्याकडे. माणूस मनाने चांगला, पण चकचकीत वस्तू दिसली की भुलणारा. त्याने स्वयंपाकघरासाठी काचेच्या दारांचं, विजेवर चालणारं, स्टीलचं गरम कपाट आणलं. दिवा लावला की आतलं सगळं झगमगायचं. पास्टर टॉलिव्हर तोवर निवृत्त होऊन मुलीकडे ह्यूस्टनला गेले होते. मला उचलून मागच्या शेडमध्ये ठेवलं आणि माझ्यात नाताळच्या नाटकातले मेंढपाळांचे झगे भरले. गांधीलमाशीने माझ्या पाणी सोडायच्या भोकाशी घर बांधलं.

तक्रार नाही. झग्यांनाही कुणीतरी सांभाळायला हवंच. पण नाताळात ते काढायला दोघी आल्या, आणि त्यांचं बोलणं ऐकून माझा पत्रा आक्रसला. त्यातली एक सिस्टर ब्यूला; चर्चमधल्या बायकांना आमच्याकडे सिस्टर म्हणतात. अंगाने भरभक्कम आणि चर्चमध्ये सगळ्यात आधी उभी राहून नाचणारी.

"होमकमिंगचं मांस आठवतंय का?" ब्यूला म्हणाली. "माझ्या कवळीने हात टेकले."

"हळू गं. व्हर्नेलच्या कानावर जाईल."

"जाऊ दे की. मी तिच्या तोंडावरच सांगितलं, की हे खाण्यापेक्षा माझी चप्पल भाजून दे. हसली बिचारी. पण तिला लागलं."

"हात गेला तिचा. वय झालं."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की हात नाही गेला. पुढे मला सगळं कळलं. हॉलिसने गर्दी टळावी म्हणून मांस आधीच कापून त्या कपाटात मांडून ठेवलं होतं. कापलेलं मांस, भोवती कोरडी गरम हवा, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण काचेचं दार उघडून डोकावत होता. कितीही चांगलं मांस असो, त्याचं खापरच होणार. व्हर्नेलने मात्र कुणाला बोल लावला नाही. लोक म्हणाले तुझा हात गेला, आणि तिलाही ते खरं वाटायला लागलं.

पुढच्या ऑगस्टात, होमकमिंगच्या आधी, शेडचं दार उघडलं. व्हर्नेल होती. तिच्यामागे हॉलिस.

"सिस्टर व्हर्नेल," तो म्हणाला. दोघं एका शाळेत, एका बाकावर वाढलेले. तो तिला 'नेल' म्हणायचा. 'सिस्टर' म्हणाला की समजावं, आता कमिटी बोलतेय. "या वर्षी पास्टर टॉलिव्हर येतायत. खास आपल्यासाठी. त्यांना कळवलंय, की अर्ध्या तासात आटपा. म्हणजे मांस वाळायचं नाही."

व्हर्नेल वळली. "काय कळवलंस?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी. आणि हे बघ, गेल्या वर्षीसारखं झालं, तर कमिटीचं म्हणणं आहे की पुढच्या वेळेपासून शहरातल्या दुकानातून मागवावं. भट्टी विझवून टाकू. तुलाही आराम."

व्हर्नेलने दारातून भट्टीकडे पाहिलं. वडिलांची भट्टी. तिच्या हयातीत ती एकाही होमकमिंगला थंड नव्हती.

"हॉलिस," शेवटी ती म्हणाली, "मांस वाळलं तर भट्टी मी माझ्या हाताने विझवीन. पण त्या म्हाताऱ्या माणसाला फोन कर आणि सांग, की जेवढं गायचं तेवढं गा. माझ्या मांसापायी एकदा त्यांचा सूर तुटलाय. पुन्हा तुटायचा नाही."

मग तिने झगे बाहेर काढले, गांधीलमाशीच्या घराला दुरून धूर दिला आणि मला उचलून उन्हात आणलं. "बघू या, म्हातारे," ती मला म्हणाली. "तुझं आणि माझं काय उरलंय ते."

तिने मला घासलं, वाळवलं. पण मोठी अडचण दिसली. वर्षभर शेडमध्ये पडून माझं झाकण वाकलं होतं. एका कोपऱ्यात बोटभर फट राहायची. रोस्कोचा पट्टा आवळला तरी ती बुजेना. फट म्हणजे गळती. रविवारी सकाळी उकळतं पाणी ओतलं, तेव्हा त्या कोपऱ्यातून वाफ भसाभस निघून जाताना सगळ्यांनी पाहिली. व्हर्नेलचा चेहरा उतरला.

सिस्टर ब्यूला स्वयंपाकघरात बटाट्याचं सॅलड घेऊन आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, व्हर्नेलकडे पाहिलं, सॅलड खाली ठेवलं.

"मांस घाल आत," ती म्हणाली. "वर गोधडी टाक. आणि सरक बाजूला."

मांस आत गेलं, कागदात, टॉवेलांत, नेहमीसारखं. वर गोधडी. आणि गोधडीवर सिस्टर ब्यूला. ती बसली आणि माझ्या झाकणाचा कोपरा असा गप्प बसला की जणू कारखान्यातून आजच निघालाय.

"ब्यूला, प्रवचन लांबणार आहे," व्हर्नेल म्हणाली.

"मला माहीत आहे."

"तुला उभं राहावंसं वाटेल."

"मी तुला चप्पल भाजायला सांगितली होती. आज बसू दे मला."

भिंतीपलीकडे पास्टर टॉलिव्हर उठले. आवाज थकला होता, पण तोच. कुंपणावरून बोलल्यासारखं बोलायला लागले. शेगडीवर ताट झाकून ठेवणाऱ्या आईची गोष्ट. आमच्याकडे घरातलं कुणी बाहेर असलं की त्याचं ताट वाढून, झाकून शेगडीवर ठेवतात. पास्टर सांगत होते, की एक मुलगा रुसून गेला. सगळे म्हणाले, तो काही येत नाही, त्याचं ताट वाटून टाक. आई म्हणाली, राहू दे झाकलेलं. आणि मग तो शब्द लांबला. 'झाकलेलं'. ऑर्गन हळूच खाली येऊन उभा राहिला.

"सावकाश, पास्टर," कुणीतरी म्हणालं.

आणि पास्टर गाऊ लागले. तू दूर गेलास, तुझं ताट झाकून ठेवलंय. तू विसरलास, तुझं ताट झाकून ठेवलंय. तुझे सोबती जेवून उठले, दिवे मालवले, पण देवाने तुझं ताट झाकून ठेवलंय. प्रत्येक ओळीला ऑर्गन उत्तर देत होता आणि सगळं सभागृह पालुपद धरत होतं. फळ्यांची भिंत थरथरत होती. माझ्यावर बसलेली ब्यूला टाळ्या वाजवत होती, टाचा आपटत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण ती उठली नाही. आयुष्यभर पहिली उभी राहणारी बाई त्या दिवशी देवासाठी बसून राहिली. मित्रांनो, मी पुष्कळ भक्ती पाहिली, पण एवढी जड भक्ती दुसरी नाही पाहिली.

मध्येच हॉलिस आत आला. कपाळावर घाम. "अर्धा तास कधीच होऊन गेला. एक नजर टाकू दे. आधी कापून ठेवू या, वेळ वाचेल."

"नाही," व्हर्नेल म्हणाली.

"नुसतं बघतो गं."

"आधी मला उचलून दाखव," ब्यूला म्हणाली, "मग बघ."

हॉलिसने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मुकाट्याने सभागृहात परत गेला.

सूर चढला तेवढा चढला, आणि उतरला तो आपल्या मर्जीने, कुणी खाली न ओढता. शेवटचं आमेन झालं. ब्यूला उठली. व्हर्नेलने पट्टा सोडला, आणि तिचा हात झाकणावर क्षणभर थांबला. मग तिने ते उघडलं.

वाफेने तिचा चष्मा पांढरा झाला.

कागद सोडले. मांस पाटावर ठेवताना ते खरवसासारखं हललं. पहिला काप सुरीवरून खाली लोंबला पण तुटला नाही, आणि रस पाटाच्या कडेवरून टपटपला. तो काप व्हर्नेलने ब्यूलाच्या तोंडात घातला. ब्यूलाने डोळे मिटले.

"कवळी काय म्हणते?" व्हर्नेलने विचारलं.

"कवळी म्हणते, मला कशाला बोलावलंत? माझी गरजच नाही."

बाहेर ओकच्या सावलीत टेबलं लागली. ज्यांनी परदेश पाहिले, मोठमोठ्या गावांत घरं केली, ती माणसं बोटं चाटत परत रांगेत उभी राहिली. पास्टर टॉलिव्हर ताट मांडीवर घेऊन, डोळे मिटून, हळूहळू खात होते. कुणीतरी त्यांना विचारलं, आज इतकं कसं गायलात. ते म्हणाले, "आज स्वयंपाकघराकडे बघावं लागलं नाही."

जेवणं आटोपली. भांडी धुवायला आली. तेव्हा हॉलिस पुन्हा दारात आला. हातात टोपी. त्याची मुलगी रेनिटा डॅलसहून निघाली होती; बऱ्याच वर्षांत ती होमकमिंगला आली नव्हती. बापलेकीत काहीतरी बिनसलं होतं, गावाला ठाऊक होतं, कुणी बोलत नसे. वाटेत तिच्या गाडीचं टायर फुटलं. ती आत्ता पोचली होती, आणि गाडीतच बसून होती.

"नेल," तो म्हणाला. 'सिस्टर' नाही, 'नेल'. "काही उरलंय का गं? गार असलं तरी चालेल."

व्हर्नेल माझ्याकडे आली, गोधडी बाजूला केली आणि झाकण उघडलं. तळाशी, टॉवेलाच्या घडीत, कागदातला शेवटचा तुकडा होता. तिने तो मुद्दाम ठेवला होता, कुणासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं. कागद सोडला. वाफ वर आली, आणि ती पाहून हॉलिसने टोपी चेहऱ्यावर धरली.

"ने तिला," व्हर्नेल म्हणाली. "आणि सांग, झाकून ठेवलं होतं."

खिडकीतून मी पाहिलं. गाडीच्या दाराशी बाप ताट घेऊन उभा. लेकीने ताटाला हात लावला आणि दचकून वर पाहिलं, कारण ताट गरम होतं. मग ती खाली उतरली.

पुढच्या रविवारी हॉलिस हत्यारं घेऊन आला आणि त्याने स्वतः माझं झाकण ठोकून सरळ केलं, नवी बिजागरी बसवली. रोस्कोचा पट्टा काढायला निघाला, तर व्हर्नेलने त्याच्या हातावर चमचा मारला. पट्टा आहे तिथेच आहे. काचेच्या कपाटात आता केक आणि गोड पदार्थ ठेवतात. ते आपल्या जागी सुखात आहे, मी माझ्या. भट्टीला धूर आहे. होमकमिंगला शहरातल्या दुकानाचं नावही कुणी काढत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी शेडमध्ये, माळ्यावर, पलंगाखाली पडलं असेल. त्याचं झाकण वाकलं असेल, बिजागरी गेली असेल. टाकून देण्याआधी त्याला एकदा उन्हात आणा, घासा, पुसा, आणि त्याच्यावर जरा वेळ बसून बघा. आणि एक विनवणी आहे, ती मांसाबद्दल समजा, नाहीतर माणसांबद्दल समजा. एखादी गोष्ट सावकाश मऊ होत असेल, तर तिला घाई करू नका, सारखं उघडून बघू नका. झाकण घट्ट राहू द्या. कुणीतरी अजून वाटेत असतं.